घरासाठी कमी बजेटचा लॅपटॉप: जे नंतर बदलता येत नाही, ते आधी बघा

घरातला पहिला लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की सगळे जण ब्रँड सुचवतात. कुणी एचपी म्हणतं, कुणी डेल, कुणी लेनोवो, कुणी एसुस. पण तीस ते पंचेचाळीस हजारांच्या पट्ट्यात ब्रँडपेक्षा नेमकं मॉडेल जास्त महत्त्वाचं असतं. या किमतीत प्रत्येक कंपनी चांगलं मशीनही विकते आणि नको तिथे काटकसर केलेलंही, आणि बऱ्याचदा दोन्हींवर नाव एकच असतं. ‘आयडियापॅड स्लिम ३’ किंवा ‘विवोबुक १५’ एवढ्यावरून आत काय आहे ते कळत नाही.

म्हणून निवडताना मनात एकच प्रश्न ठेवा: यातलं काय मला नंतर बदलता येणार नाही? स्क्रीन, प्रोसेसर (सगळं काम करणारी मुख्य चिप) आणि कीबोर्ड जे येतात तेच शेवटपर्यंत राहतात. रॅमही (चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी) पुष्कळदा मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, सोल्डर केलेली (कायमची डाग देऊन जोडलेली) असते. एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) मात्र बहुतेक मॉडेलांत बदलता येते, आणि माउस, बॅग, हेडफोन कधीही घेता येतात. दुकानदार फुकट द्यायला तयार असतो ते नेमकं या शेवटच्या यादीतलं. पैसे पहिल्या यादीत घाला.

पहिली पायरी: कामं कागदावर लिहा

घरातला प्रत्येक माणूस लॅपटॉपवर काय करणार हे खरोखर लिहून काढा. साधारण मराठी घरातली यादी अशी निघते: अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज (२०२५-२६पासून ही प्रक्रिया संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली आहे), महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा डाउनलोड करणं, बँकेची कामं, वीजबिल, मुलांचे प्रोजेक्ट, परदेशातल्या भावाबहिणींशी व्हिडिओ कॉल, यूट्यूब, फोनमधले फोटो साठवणं, सोसायटीचे किंवा बचत गटाचे हिशेब एक्सेलमध्ये.

यातल्या एकाही कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ‘गेमिंग’ लिहिलेला लॅपटॉप जड असतो, त्याची बॅटरी लवकर संपते आणि त्याचे जादाचे पैसे तुमच्या कामाच्या नसलेल्या भागावर जातात. उलट, घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल आणि ऑटोकॅडसारखं सॉफ्टवेअर चालवणार असेल, किंवा नियमित व्हिडिओ एडिटिंग करणार असेल, तर हे बजेट अपुरं आहे. तिथे १६ जीबी रॅम आणि वरच्या वर्गातला प्रोसेसर हवा.

याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहा: लॅपटॉप टेबलावरच राहणार की रोज पाठीवरून जाणार? घरातच राहणार असेल तर १५.६ इंचाचा घ्या. अक्षर मोठं दिसतं आणि बहुतेक मॉडेलांत उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीपॅड मिळतो, जो हिशेब करणाऱ्याला फार उपयोगी पडतो. रोज कॉलेजला न्यायचा असेल तर १४ इंची बरा.

दुसरी पायरी: प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा

बहुतेक लोक फसतात ते इथे, म्हणून इथे जरा थांबू. प्रोसेसर मुख्यतः इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांचे असतात. ‘आय-३ आहे’ (इंटेल), ‘रायझन ५ आहे’ (एएमडी) एवढं सांगणं पुरेसं नाही. त्यापुढचा नंबर आणि अक्षर मागा.

इंटेलमध्ये ‘कोअर आय-३ १२१५यू’ हा बाराव्या पिढीचा प्रोसेसर २०२२चा आहे. त्यात सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, दोन जोरदार आणि चार वीज वाचवणारे. घरच्या वापराला तो अगदी व्यवस्थित पुरतो. तेराव्या पिढीतला १३१५यू त्याचाच पुढचा भाऊ. ‘आय-३ एन३०५’ हे नाव ऐकायला तसंच वाटतं आणि त्यात आठ कोअर असतात, पण ते सगळे छोटे, वीज वाचवणाऱ्या जातीचे. वाईट नाही, पण १२१५यूच्या भावात देत असतील तर १२१५यू घ्या. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं इंटेलने २०२३मध्ये नव्या लॅपटॉपवरून काढून घेतली. आता त्या वर्गावर नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ लिहिलेलं असतं आणि पुढे एन१००, एन२०० असा नंबर येतो. एन१०० एका वेळी एकच काम करणाऱ्याला चालतो: पत्रव्यवहार, बँक, एखादा व्हिडिओ. दोन कोअरचे जुने सेलेरॉन, उदाहरणार्थ एन४०२०, अजूनही स्वस्तात दिसतात. ते घेऊ नका. व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं काही उघडलं की ते अडकतात.

२०२४पासून इंटेलने नावातला ‘आय’ही काढला. ‘कोअर ३ १००यू’, ‘कोअर ५ १२०यू’ अशी नावं दिसली तर घाबरू नका. घरच्या कामाला हे चांगले आहेत.

एएमडीमध्ये गोंधळ अधिक आहे, पण तो सोडवायची किल्ली कंपनीनेच नंबरात ठेवली आहे. ७ने सुरू होणाऱ्या चार आकडी नंबरांत तिसरा आकडा बघा. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ची. ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. म्हणजे रायझन ३ ७३२०यू आणि रायझन ५ ७५२०यू हे दोन्ही जुन्या रचनेचे आणि चार-चार कोअरचे. ‘रायझन ५’ म्हणून जास्त पैसे मोजले तरी ७५२०यू हा ७३२०यूपेक्षा थोडासाच वेगवान असतो. याउलट रायझन ५ ७५३०यूमध्ये झेन ३चे सहा कोअर आहेत. आणि नंबर जुना वाटला तरी रायझन ५ ५६२५यूसुद्धा झेन ३, सहा कोअर. तो ७५२०यूपेक्षा स्पष्टपणे जलद आहे. ५ने सुरू होणाऱ्या नंबरांना मात्र तिसऱ्या आकड्याचा हा नियम लागू नाही.

माझं मत विचाराल तर या बजेटमध्ये आय-३ १२१५यू, १३१५यू, रायझन ५ ५६२५यू किंवा ७५३०यू यांपैकी जो चांगल्या स्क्रीनसह मिळेल तो उचला. या चौघांमधला फरक घरच्या वापरात फारसा जाणवणार नाही. चांगल्या आणि वाईट स्क्रीनमधला रोज जाणवेल.

तिसरी पायरी: रॅम किती, आणि ती वाढवता येते का

विंडोज ११ला कागदावर ४ जीबी रॅम चालते. प्रत्यक्षात क्रोममध्ये पाच-सहा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यातच ती संपते. ८ जीबी ही किमान मर्यादा धरा. पाच-सहा वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबीचा विचार करा.

पण आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे: रॅम स्लॉटमध्ये आहे की सोल्डर केलेली? वर्णनात ‘एलपीडीडीआर’ लिहिलं असेल तर या किमतीत ती सोल्डर केलेलीच समजा. ती वाढत नाही. वर सांगितलेले ७३२०यू आणि ७५२०यू नेहमी अशाच रॅमसोबत येतात. नुसतं ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ असेल तर बहुधा स्लॉट असतो, पण काही मॉडेलांत अर्धी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट अशी मांडणीही असते. दुकानात डेमोचा पीस असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत ते तिथे दिसतं.

८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट असेल तर बिनधास्त घ्या. १६ जीबी सोल्डर केलेली असेल तरी हरकत नाही. ८ जीबी सोल्डर आणि स्लॉट नाही, असं मशीन मात्र तुम्ही कायमचं ८ जीबीचंच घेत आहात हे समजून घ्या.

‘आत्ता ८ घेऊ, रॅम काय, पुढे स्वस्तात टाकू’ हा हिशेबही आता नव्याने तपासायला हवा. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले. त्यामुळे त्याच मॉडेलच्या ८ आणि १६ जीबीच्या किमतीत किती फरक आहे आणि सुटी ८ जीबी रॅम आज कितीला आहे, हे दोन्ही भाव विचारूनच ठरवा.

चौथी पायरी: स्टोरेज

इथे फार विचार करायचा नाही. एसएसडीच हवी, ५१२ जीबी उत्तम, २५६ जीबी चालेल. ‘ईएमएमसी’ लिहिलेलं असेल तर नको. ती हळू असते आणि बोर्डालाच जोडलेली असते. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज चालवणारं मशीन तर कितीही स्वस्त मिळालं तरी नको. घरी आल्यावर ५१२ जीबीच्या जागी ४७६च्या आसपास आकडा दिसेल. त्यात फसवणूक नाही. कंपनी आणि विंडोज वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात.

पाचवी पायरी: स्क्रीन आणि कीबोर्ड, स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी

ऑनलाइन घेणार असलात तरी हे दोन बघायला एकदा दुकानात जाच.

स्क्रीन फुल एचडी हवी, म्हणजे १९२० बाय १०८०. अगदी स्वस्त लॅपटॉपांत आजही १३६६ बाय ७६८ची स्क्रीन मिळते. इंग्रजी त्यावर चालून जातं, पण देवनागरीची परीक्षा तिथेच होते. एखाद्या मराठी दैनिकाची वेबसाइट उघडा, पान मोठं न करता वाचा. ‘लक्ष्मी’, ‘दृष्ट्या’, ‘कर्तृत्व’ यांसारख्या शब्दांतली जोडाक्षरं, रफार, वरच्या मात्रा आणि अनुस्वार सुटे सुटे दिसतात का? आजी-आजोबा रोज वाचणार असतील तर ही चाचणी कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाची आहे.

मग झाकण मागेपुढे कलतं करा आणि बाजूने बघा. रंग उलटेपालटे दिसले, काळा भाग करडा झाला, तर ते टीएन पॅनेल. आयपीएस पॅनेलमध्ये असं होत नाही. दोघं-तिघं मिळून व्हिडिओ कॉलला बसणाऱ्या घरात आयपीएसच हवं. उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात. या किमतीत २५० निट्स सर्रास मिळतात आणि खोलीत ते पुरतात. लॅपटॉप खिडकीसमोर किंवा पडवीत वापरणार असाल तर ३०० निट्सचा शोधा. काचेसारखी चकचकीत स्क्रीन टाळा, त्यात मागची ट्यूबलाइट दिसत राहते.

कीबोर्डच्या मधोमध जरा जोराने दाबून बघा. तिथे तो फारच आत दबत असेल तर टायपिंग करताना त्रास होईल. दोन-चार ओळी टाइप करा. बिजागरी खटखटते का बघा. अंधारात काम करणारं कुणी असेल तर बॅकलिट कीबोर्ड विचारा. या बजेटमध्ये तो सगळ्यांत नसतो.

मराठी टायपिंगसाठी वेगळा कीबोर्ड किंवा विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट पद्धतीचा मराठी कीबोर्ड पूर्वीपासून आहे आणि २०१९पासून ‘मराठी फोनेटिक’ही आला आहे, ज्यात रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटतं. सेटिंगमध्ये भाषा जोडली की झालं.

सहावी पायरी: पोर्ट, वाय-फाय, बॅटरी

दोन साधे यूएसबी, एक टाइप-सी आणि एक एचडीएमआय एवढं असू द्या. टीव्हीला जोडून फोटो दाखवायला एचडीएमआय लागतं. टाइप-सी दिसलं म्हणजे त्यावर चार्जिंग होतंच असं नाही. काही मॉडेलांत ते फक्त डेटासाठी असतं, विचारून घ्या. वाय-फाय ड्युअल बँड, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरही चालणारं हवं. फ्लॅटच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भरून गेलेला असतो.

बॅटरीचे तास कंपनीच्या जाहिरातीवरून धरू नका. ‘वॉट-अवर’चा आकडा बघा. या वर्गात तो साधारण ४० ते ५० असतो. हलक्या कामाला लॅपटॉप ८ वॉटच्या आसपास खातो असं धरलं तर ४२ वॉट-अवरची बॅटरी पाच तास चालेल, व्हिडिओ कॉलवर त्याहून कमी. जिथे लोडशेडिंग असतं तिथे राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, नाहीतर लॅपटॉप चालू आणि इंटरनेट बंद अशी स्थिती होते.

सातवी पायरी: विंडोज आणि ऑफिसचं नेमकं काय मिळतंय

बॉक्सवर ‘डॉस’ लिहिलं असेल तर त्यात विंडोज नाही. तो दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसतो, पण दुकानात टाकून देतात ते विंडोज चोरीचं असण्याची शक्यता फार. ज्यावर बँकेचे व्यवहार करायचे त्या मशीनवर असलं काही नको. मूळ विंडोज ११ होम असलेलाच घ्या.

ऑफिसच्या बाबतीत दोन प्रकार असतात. काही लॅपटॉपांसोबत कायमस्वरूपी परवाना येतो, काहींसोबत मायक्रोसॉफ्ट ३६५ची फक्त ठरावीक मुदत. मुदत संपली की दरवर्षी पैसे. विक्रेता दोन्हीला ‘ऑफिस फ्री’च म्हणतो, म्हणून बिलाआधी विचारा. कायमचा मिळाला असेल तर घरी आल्याबरोबर सक्रिय करा. नसेल मिळाला तर लिब्रेऑफिस मोफत आहे आणि पत्रं, हिशेब, शाळेचे प्रोजेक्ट यांना पुरतं.

क्रोमबुक स्वस्त असतात आणि ब्राउझरपुरतं काम असेल तर छान चालतात. पण टॅली किंवा डिजिटल सहीच्या टोकनसाठी लागणारी विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर चालत नाहीत. घेणारच असाल तर त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख बघा.

वापरलेला घ्यायचा असेल तर

पंधरा-वीस हजारच हातात असतील, तर सेलेरॉनवाल्या नव्या लॅपटॉपपेक्षा कंपन्यांतून निघालेला जुना पण दर्जेदार लॅपटॉप मी केव्हाही चांगला म्हणेन. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे कार्यालयांसाठी बनवलेले असतात. कीबोर्ड उत्तम, बांधणी मजबूत, आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम वाढवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस हे यांचे जुने बाजार.

अट एकच, पण ती पक्की: इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या जवळजवळ सर्वच प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ‘आय-५ ८२५०यू’ यात ‘आय-५’नंतरच्या नंबराच्या पहिल्या आकड्यावरून पिढी कळते: ८ म्हणजे आठवी. ‘आय-५ ७२००यू’ कितीही चकाचक दिसला तरी परत ठेवा.

बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगा आणि तिथे इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आजचा आकडा मूळच्या निम्म्याच्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. दुकानाचं पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी मिळत नसेल तर व्यवहार करू नका.

आठवी पायरी: खरेदी

बॉक्सवरच्या स्टिकरवर मॉडेलचा लांबलचक कोड असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून प्रोसेसर, रॅम, स्क्रीन ताडून बघा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नावही पाहा आणि बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील तोडण्याआधीपासून.

‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाइतकी सूट आधी दिलेली असते, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लावू शकते. रोखीचा भाव आणि सगळे हप्ते मिळून होणारी रक्कम शेजारी-शेजारी लिहा.

वॉरंटीबद्दल दोन प्रश्न विचारा. माणूस घरी येणार की लॅपटॉप सेंटरला न्यायचा? आणि ते सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का? पुण्या-मुंबईत हा प्रश्न कुणाला सुचत नाही, पण सावंतवाडी किंवा गडचिरोलीच्या ग्राहकाने ब्रँड ठरवायचाच या उत्तरावरून. इथे ब्रँड खरोखर महत्त्वाचा ठरतो. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. तक्रार ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नववी पायरी: पहिल्या दिवशी

कॅमेरा, माइक, स्पीकर, सगळे यूएसबी, सगळ्या की तपासा. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र उघडून स्क्रीनवर ठिपका आहे का बघा. दोष निघाला तर बदलून मिळण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बिलाशी जुळते का तेही पाहा.

विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. ते दुकानदाराच्या ईमेलवर उघडू देऊ नका. नव्या विंडोज ११मध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची रिकव्हरी की, म्हणजे ती उघडायची किल्ली, याच खात्यात साठवली जाते. पुढे कधी दुरुस्तीनंतर मशीनने ती की मागितली आणि खातंच हाताशी नसलं, तर आतले फोटो आणि कागदपत्रं परत मिळत नाहीत. म्हणून खातं घरातल्या माणसाच्या नावाने उघडा, पासवर्ड घरच्या वहीत लिहा, आणि रिकव्हरी की छापून बिलासोबत फाइलमध्ये ठेवा.

सोबत आलेला अँटिव्हायरस काही दिवसांनी पैसे मागू लागेल; तो काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. मुलांसाठी वेगळं खातं करा. लॅपटॉप सतत चार्जरला लावून ठेवणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा. बॅटरी जास्त टिकते.

चार्जरची पिन तीन पायांची असेल तर ती दोन पायांच्या अडॅप्टरमध्ये खोचू नका. धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुतेक वेळा लॅपटॉपचा नसतो, घरच्या अर्थिंगचा असतो. दुसऱ्या, अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटवर लावून बघा, आणि तिथे झिणझिण्या थांबल्या तर सर्व्हिस सेंटरऐवजी वायरमनला बोलवा.